‘एकच प्याला’ वाचताना आणि बसवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील फोंडा महालात देवळांच्या उत्सवांना जोडून जी नाटके होतात त्यांच्या तालमींत, आणि अधूनमधून मराठीच्या विद्यार्थ्यांसमोर, राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’विषयी बोलण्याचा प्रसंग मला अनेकदा आला आहे. विचारणारे बदलतात, प्रश्न मात्र बहुधा तेच असतात. त्यांपैकी नेहमीचे प्रश्न आणि माझ्या परीने दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ज्यांना नाटकाचा शेवट अजून ठाऊक नाही त्यांनी आधी संहिता वाचावी, कारण पुढे काहीच राखून ठेवलेले नाही.

कथानक थोडक्यात काय आहे?

सुधाकर हा स्वतःच्या बुद्धीवर वर आलेला बाणेदार वकील आहे. न्यायालयात झालेला अपमान त्याला सोसवत नाही, तो उलट उत्तर देतो आणि काही महिन्यांसाठी त्याची सनद जाते. त्या रिकाम्या, जळत्या दिवसांत त्याचा कारकून तळीराम दुःख विसरण्यासाठी म्हणून एक प्याला पुढे करतो. पुढे पैसा जातो, अब्रू जाते, त्याची श्रीमंत माहेरची पत्नी सिंधू दळण दळून संसार ओढते, आणि अखेरीस धुंदीतल्या सुधाकरच्याच हातून तान्हे मूल मरते व सिंधूला जीवघेणी इजा होते. विष मिसळलेला प्याला हाच त्याचाही शेवट ठरतो. नाटक पाच अंकांचे आहे. गडकऱ्यांना ते रंगभूमीवर पाहता आले नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे ते वारले आणि त्यानंतर महिन्याभराच्या आतच गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात पहिला प्रयोग केला.

ही खरोखर शोकांतिका आहे, की दारूच्या दुष्परिणामांचे प्रचारनाटक?

हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो, म्हणून विद्यार्थी तो आधीच दोन बाजूंचे मुद्दे लिहून घेण्याच्या तयारीने विचारतात. मला त्याचे उत्तर भगीरथाच्या पात्रात सापडते. भगीरथही दारूच्या आहारी गेलेला आहे, तळीरामाच्याच कंपूत बसलेला आहे, आणि तरीही तो सुधाकरचा मित्र रामलाल याच्या हाताला धरून बाहेर येतो. नाटककाराला नुसते दारूचे परिणाम दाखवायचे असते तर सुटलेला माणूस दाखवून त्याने स्वतःचाच मुद्दा कमकुवत केला नसता. एकच पेय एकाला सोडते आणि दुसऱ्याला सोडत नाही, याचा अर्थ फरक पेयात नाही, माणसात आहे.

शोकात्म नायक हा पुरता सज्जनही नसावा आणि पुरता दुर्जनही नसावा, त्याचा नाश एखाद्या प्रमादातून व्हावा, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे. सुधाकरचा प्रमाद पहिला प्याला घेणे हा नव्हे. कोणाचेही उपकार नकोत, कोणासमोरही मान वाकवायची नाही, हा त्याचा स्वाभिमान आहे. तोच त्याला वर घेऊन आला आणि तोच त्याला बुडवतो. गुण आणि दोष एकाच मुळाचे असणे ही शोकांतिकेची खरी खूण आहे, आणि ती येथे स्पष्ट आहे. नाटकात उपदेश आहे हे मात्र नाकारण्यात अर्थ नाही. काही ठिकाणी तो पात्राच्या तोंडात न मावता बाहेर सांडतो.

एवढा हुशार माणूस फसतो कसा?

तो हुशार आहे म्हणूनच फसतो. सुधाकर वकील आहे ही गोष्ट वाचक पहिल्या अंकानंतर विसरतात, आणि तेथेच त्याचे बोलणे समजण्याची वाट चुकते. सनद गेली तरी वकिली जात नाही. तो न्यायालयाऐवजी घरात, मित्रासमोर आणि एकटा असताना स्वतःसमोर एकच खटला चालवीत राहतो, आणि त्या खटल्यात आरोपीही तोच, वकीलही तोच, न्यायाधीशही तोच असतो. व्यसनाच्या अवस्था एकामागून एक उलगडून दाखवणारे त्याचे भाषण वाचावे. दारूविरुद्ध इतके नेमके, इतके सुसंगत प्रतिपादन नाटकातल्या एकाही सज्जनाला जमलेले नाही. परंतु त्या प्रतिपादनाचा उपयोग तो कशासाठी करतो? आपल्याला आता सुटका नाही हे सिद्ध करण्यासाठी. म्हणजे रोगाचे अचूक निदान करायचे आणि ते निदानच औषध न घेण्याचे कारण म्हणून पुढे करायचे.

म्हणून या नाटकाच्या वाचकाला मी एकच सवय लावून घ्यायला सांगतो : पात्र जे बोलते ते त्याचे मत म्हणून टिपून ठेवू नये, हे वाक्य ते कोणाला ऐकवते आहे आणि ते बोलल्यामुळे काय टाळता येते आहे, हे आधी पाहावे. सुधाकरच्या बहुतेक मोठ्या भाषणांनंतर त्याला एखादी साधी गोष्ट करायची असते, आणि ती तो करीत नाही.

संवाद इतके पल्लेदार का आहेत, आणि ते म्हणावेत कसे?

का, याचे उत्तर काही अंशी काळाचे आहे. गडकरी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना गुरू मानीत. कोटी, श्लेष, विरोध आणि कल्पनेवर कल्पना रचत जाणे हा त्या शाळेचा वारसा होता. प्रेक्षकही वाक्याला टाळी देणारा होता. पण गडकऱ्यांच्या वाक्याला नुसते सजवलेले वाक्य म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ते वाक्य चढते. त्यात एक प्रतिमा येते, ती पुरेशी वाटत नाही म्हणून दुसरी येते, तीही अपुरी पडते, आणि ज्या शब्दासाठी हा सारा खटाटोप चालला आहे तो शब्द अगदी शेवटी पडतो.

कसे म्हणावे, हे एका तालमीतील प्रसंगावरून सांगतो. देवळाच्या सभामंडपात तालीम चालली होती, आवाज ऐकू यावा म्हणून पंखा बंद केलेला होता आणि सुधाकर करणारा मुलगा घामाने निथळत होता. त्याची नक्कल, म्हणजे संहितेतून उतरवून घेतलेले स्वतःच्या भूमिकेचे संवाद, चोख पाठ होती, एक अक्षर चुकत नव्हते, आणि तरीही ऐकणाऱ्यांपैकी कोणाला काही कळत नव्हते, कारण प्रत्येक उपमेवर तो सारखाच जोर देत होता. विंगेत वही घेऊन बसलेल्या आमच्या वयोवृद्ध प्रॉम्प्टरनी त्याला जवळ बोलावले, पेन्सिलीने वाक्यातील क्रियापदाखाली रेघ मारली आणि म्हणाले, “इथं पोचायचं आहे. मधे कुठंही बसू नकोस.” मुलाने वाक्य पुन्हा म्हटले. या वेळी मधल्या उपमा त्याने पायऱ्यांसारख्या भराभर मागे टाकल्या, शेवटच्या शब्दापूर्वी तो अर्धा क्षण थांबला, आणि पेटीवाले भात्यावर हात ठेवून त्याच्याकडे पाहत राहिले.

तेव्हापासून मी प्रत्येकाला नक्कल उतरवून घेतानाच दोन खुणा करायला सांगतो : श्वास कोठे घ्यायचा आणि वाक्य कोठे पोचायचे. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे नट मध्येच दमला तर अर्थच पोचत नाही.

स्वगत प्रेक्षकांकडे पाहून म्हणावे का?

जुन्या पद्धतीत तसे म्हणत असत आणि उत्सवी रंगभूमीवर अजूनही म्हणतात; त्याला मी चूक म्हणणार नाही. परंतु स्वगत म्हणजे प्रेक्षकांना दिलेली माहिती नव्हे. संस्कृत नाट्यपरंपरेने स्वगत, प्रकाश (सर्वांना ऐकू जाणारे उघड बोलणे), जनांतिक (इतरांना वगळून एकालाच ऐकवलेले बोलणे) असे प्रकार वेगळे मानले, जनांतिकासाठी तर हाताची त्रिपताक नावाची मुद्राही ठरवून दिली, यावरून कोण कोणाला ऐकवतो आहे याची काळजी आपल्याकडे किती जुनी आहे हे दिसते. स्वगतात पात्र स्वतःलाच पटवीत असते, आणि पटवावे लागते याचा अर्थ ते अजून पटलेले नसते. नटाने उत्तर माहीत असल्यासारखे स्वगत म्हटले की ते भाषण होते.

सिंधू नवऱ्याशी बोलताना ‘इकडून’ म्हणते, म्हणजे कुठून?

हा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला तेव्हा वर्ग हसला, पण प्रश्न उत्तम आहे. त्या काळच्या पांढरपेशा घरांत पत्नी पतीचे नाव घेत नसे, त्याला थेट ‘तुम्ही’ म्हणणेही टाळीत असे, आणि ‘इकडून येणे झाले’, ‘इकडच्या मनात काय आहे’ अशी दिशेच्या आडून केलेली वाक्यरचना वापरीत असे. आमच्याकडच्या आज्यांनीही आजोबांचे नाव उच्चारलेले कोणाला आठवत नसेल. या रचनेमुळे सिंधूच्या बोलण्यात कर्ता जवळजवळ नाहीसा होतो : कोणी काही केले असे तिची वाक्ये सांगत नाहीत, काहीतरी झाले एवढेच सांगतात. सुधाकरची वाक्ये ‘मी’ने भरलेली आहेत. दोघांच्या संवादाचे एक पान घेऊन त्यातील सर्वनामे मोजावीत. त्या संसाराचे चित्र शब्दार्थाकडे न वळताही दिसू लागते.

सिंधू आजच्या वाचकाला पटत नाही. तिच्याबद्दल काय म्हणावे?

पटत नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे. पतीने इतका छळ केल्यावरही त्याचे पाय न सोडणारी पत्नी हा आदर्श म्हणून आज कोणी मांडू नये, आणि आमच्या तालमींतल्या मुली तो मांडूही देत नाहीत. मात्र आदर्श नाकारताना पात्र हातचे जाऊ देऊ नये. सिंधू दुबळी नाही. माहेरची मदत तिच्या हाताशी आहे, भाऊ पद्माकर धावून येणारा आहे, आणि तरीही ती जात्यावर बसते. तो निर्णय आहे. त्याला सोसणे म्हणणे अपुरे पडते. सुधाकरच्या स्वाभिमानाची किंमत सुधाकर भरीत नाही, ती सिंधू भरते, आणि हे तिला कळते.

तिच्या अखेरच्या बोलण्याकडे विशेष लक्ष द्यावे. जी स्त्री ‘सत्य वदे वचनाला’ या पदात आपण खरेच बोलत असल्याची ग्वाही पतीला देते, तीच मरताना, त्याला कायद्याच्या हातून वाचवण्यासाठी, सरळ खोटे सांगते. सुधाकर आयुष्यभर खरे मुद्दे मांडून स्वतःला फसवतो, आणि सिंधू एकच खोटे बोलते तेही पूर्ण शुद्धीवर, कोणालाही न फसवता, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते खोटे आहे हे ठाऊक असते. तो प्रवेश करताना रडू नये. जबानी देणाऱ्या माणसाच्या आवाजात, जेवढे विचारले तेवढेच सांगावे.

तळीराम खलनायक आहे का?

नाही, निदान नेहमीच्या अर्थाने नाही. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चे गोविंद बल्लाळ देवलांनी ‘झुंझारराव’ केले तेव्हापासून कान फुंकणारा खलपुरुष मराठी प्रेक्षकाच्या परिचयाचा आहे, आणि तळीरामाला त्याच रांगेत बसवण्याचा मोह होतो. परंतु ‘ऑथेल्लो’तला खलपुरुष इयागो दुसऱ्याला जे विष पाजतो ते स्वतः चाखत नाही. तळीराम जे पाजतो त्यानेच स्वतः मरतो. त्याला सुधाकरचा द्वेष नाही, त्याला सोबत हवी आहे. त्याच्या कोट्या इतक्या वेगाने येतात की मध्ये विचाराला जागा राहत नाही, आणि तोच त्या कोट्यांचा उपयोग आहे. जो नट तळीरामाचे विनोद टाळीसाठी थांबून म्हणतो तो प्रेक्षकाला शुद्धीवर येण्याची सवड देतो. ती देऊ नये.

विनोदी प्रवेश गाळले तर चालेल का?

चालणार नाही. ‘आर्य मदिरा मंडळा’च्या बैठकीत सभाशिष्टाचाराची भाषा दारूसाठी वापरली जाते आणि आपण मनमुराद हसतो, तळीरामाच्या आजारपणात उपचार करणाऱ्यांचा वाद चालतो तेव्हाही हसतो. हसलो म्हणजे त्या बैठकीत आपणही बसलो. पुढच्या अंकांचे वजन त्यामुळेच वाढते.

रामलाल फार उपदेश करतो, त्याचे काय करावे?

काटछाट करायचीच असेल तर ती रामलालच्या सामाजिक भाषणांत करावी, असे माझे मत आहे. पाच अंक रात्रभर ऐकणारा प्रेक्षक आता जत्रेतही राहिलेला नाही. मात्र सुधाकरची विधवा बहीण शरद हिच्याविषयी स्वतःच्या मनात उमटलेली ओढ जेथे त्याला दिसते, तो भाग कधीही गाळू नये. दुसऱ्याच्या व्यसनावर बोलणाऱ्या माणसाला आपलेही मन आपल्या ताब्यात नाही हे कळते, आणि त्याची आतापर्यंतची घडीव वाक्ये तेथे अडखळू लागतात. त्याच्या साऱ्या उपदेशापेक्षा मला ते अडखळणे मोलाचे वाटते. शरद, रामलाल आणि भगीरथ यांचे उपकथानक पूर्ण वगळणारी मंडळे मी पाहिली आहेत. मग उरते ती फक्त एका दारुड्याची गोष्ट.

गीतेची भूमिका लहान आहे. ती कोणाला द्यावी?

चांगल्या नटीला. तळीरामाची बायको सिंधूसारखी दिशेच्या आडून बोलत नाही, तिचे बोलणे स्वयंपाकघरातले, धारदार आणि सरळ आहे. सिंधू जे म्हणत नाही त्यातले बरेच गीता म्हणून जाते.

पदांमुळे शोकाचा परिणाम कमी होत नाही का?

गोव्यात हा प्रश्न उलट्या बाजूने येतो : पदे कमी केली तर लोक काय म्हणतील? आमच्याकडे पदासाठी येणारा प्रेक्षक मोठा आहे आणि ‘वन्स मोअर’ मिळाला नाही तर सिंधू करणाऱ्याला रात्र वाया गेल्यासारखे वाटते. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की या नाटकातील पदे गडकऱ्यांची नाहीत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली आणि अनेक पदांना गायिका बाई सुंदराबाईंकडून मिळालेल्या चाली आहेत. त्यामुळे गद्य आणि पद्य यांची भाषा दोन वेगळ्या हातांची आहे. सुधाकर मुख्यतः गद्याच्या बळावर उभा आहे, सिंधूचे मन पदांतून उघडते. ‘कशि या त्यजू पदाला’ हे पद तानांच्या आतषबाजीने म्हटले तर टाळी मिळेल, पण नकार ऐकू येणार नाही, आणि ते पद म्हणजे नकारच आहे.

बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर ही जोडी मराठी रंगभूमीच्या स्मृतीत कायमची बसली आहे. भरजरी शालूंसाठी ख्याती असलेल्या बालगंधर्वांनी या भूमिकेत दारिद्र्याला साजेसे जुनेर नेसून गायले, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी गायन आणि भूमिका यांचे नाते समजते.

दीनानाथ मंगेशकर या नाटकात होते का?

मंगेशीच्या परिसरात हे विचारले जातेच. दीनानाथ बळवंत संगीत मंडळीचे होते आणि गडकऱ्यांचे ‘भावबंधन’ त्या मंडळीने केले, त्यात त्यांची लतिकेची भूमिका गाजली. ‘एकच प्याला’ गंधर्व मंडळीकडे गेले.

घरी कोकणी बोलणाऱ्या नटांनी उच्चारांकडे कसे पाहावे?

न्यूनगंडाने पाहू नये. कोकणीत ‘ए’ आणि ‘ओ’ हे स्वर विवृत (तोंड अधिक उघडून) आणि संवृत (कमी उघडून) अशा दोन परींनी उच्चारले जातात, अनुनासिकही ठळक असतात, आणि ती सवय मराठी वाक्यात उतरली की हेल येतो. तालमीच्या पहिल्या आठवड्यात लांब वाक्ये सावकाश, सुराशिवाय वाचली तर हा हेल बराच ओसरतो. उलट काहीजण शुद्धतेच्या धास्तीने प्रत्येक अक्षर सुटे करून बोलतात, ते अधिक वाईट. पुण्याचा उच्चार उसना आणण्याची गरज नाही. वाक्य पोचले पाहिजे.

गोव्यात दारूचे कोणाला अप्रूप नाही. मग येथे हे नाटक लागू पडते का?

उन्हाळ्यात हुराक ही काजूची सौम्य दारू आणि बाराही महिने फेणी ज्या गावात सहज मिळते, पाहुण्यासमोर पेला ठेवणे जेथे सभ्यपणाचे मानले जाते, तेथे पडदा उघडताच प्रेक्षकांतून एखादी मिस्कील टिप्पणी येते हे खरे आहे. मीही ती ऐकली आहे. परंतु याच कारणाने नाटक येथे अधिक बोचते. दारू हीच भयंकर वस्तू मानणाऱ्या प्रेक्षकाला सुधाकर परका वाटतो आणि तो सुटकेचा श्वास टाकतो. आमच्या प्रेक्षकाला प्याला परका नाही, त्यामुळे त्याची नजर प्याल्यावरून सरकून माणसावर जाते. मध्यंतरी सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करून जगाकडे परततो आणि जग त्याला दारात उभे करीत नाही, त्या भागात आमच्याकडे मंडपात जी शांतता होते ती मी दुसऱ्या कोणत्याही प्रवेशात अनुभवलेली नाही.

प्रयोगात प्याला कोणता वापरावा?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण दर वेळी नेपथ्यवाला तो विचारतोच. एका वर्षी आम्ही नाजूक दांड्याचा, बारीक काचेचा पेला आणला. तो दिव्यांत सुंदर चमकला आणि तिसऱ्या अंकात फुटला, आणि उरलेले नाटक स्टीलच्या भांड्यावर निभावावे लागले. त्यानंतर आम्ही जाड बुडाचा साधा काचेचा पेला घेतो, जो मेजावर ठेवल्यावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जातो. पहिल्या अंकात तळीराम जो पुढे करतो तोच पाचव्या अंकातही असावा, आणि मधल्या काळात तो कोणी धुऊ नये.